मधुमेह, अपंगत्व आणि दूरध्वनीवरील मार्गदर्शन

आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या हाती वार्षिक अहवाल देताना रुग्णालयाच्या एखाद्या कामाची सविस्तर ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवा शस्त्रक्रिया विभाग असला की त्याची छायाचित्रे देता येतात. या वेळी ज्या कामाविषयी लिहावयाचे आहे त्यात छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नाही. एका खोलीत टेबलावर दूरध्वनी आहे, शेजारी रुग्णांच्या नोंदवह्या आहेत आणि एक मार्गदर्शक पलीकडच्या व्यक्तीचे बोलणे शांतपणे ऐकत आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या मधुमेही रुग्णांना घरबसल्या दिल्या जाणाऱ्या या मार्गदर्शनाची गरज का पडते, ते कसे चालते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दुहेरी भार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१ मध्ये भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता. वीस वर्षांवरील लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के होते. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. हे आकडे स्वतंत्रपणे आपल्या वाचनात येतात. परंतु पुष्कळ घरांत हे दोन्ही प्रश्न एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात, आणि तेव्हा त्यांची केवळ बेरीज होत नाही; एक प्रश्न दुसऱ्याला अधिक बिकट करतो.

आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांचे स्थूलमानाने चार गट पडतात. पहिला गट बालपणी पोलिओ झालेल्यांचा. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे पोलिओ हा विषय संपला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९६० ते १९९० या काळात ज्या मुलांना पोलिओ झाला ती मुले आज प्रौढ वयाची किंवा वृद्ध आहेत, आणि मधुमेह होण्याचे वयही हेच आहे. दुसरा गट अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळेपणा आलेल्यांचा. तिसरा पक्षाघाताने एक बाजू अधू झालेल्यांचा. आणि चौथा गट, जो आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करतो, तो पाय गमावलेल्यांचा. यांतील पुष्कळांचा पाय मधुमेहामुळेच गेलेला असतो. उरलेला एक पाय वाचविणे ही त्यांच्यासाठी चालणे आणि न चालणे यांतील निवड असते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही

मधुमेह हा डॉक्टरांनी बरा करण्याचा आजार नसून रुग्णाने रोज सांभाळण्याचा आजार आहे. वर्षातून चार वेळा रुग्णालयात आलेला रुग्ण डॉक्टरांसमोर फार तर तासभर असतो. उरलेल्या सर्व दिवसांचे निर्णय तो घरी, स्वयंपाकघरात, शेतावर आणि प्रवासात घेत असतो. काय खावे, इंजेक्शन कोठे टोचावे, आज पायाला आलेला फोड किती गंभीर मानावा, हे सारे तो किंवा त्याचे घरचे लोक ठरवतात. यालाच आम्ही मधुमेहाचे स्वव्यवस्थापन म्हणतो. ते जन्मतः कोणालाच येत नाही, शिकावे लागते. आणि एकदा शिकून भागत नाही, त्याची पुनःपुन्हा उजळणी करावी लागते.

शिकण्यासाठी रुग्णालयात यावे लागते आणि अपंग रुग्णाची खरी अडचण येथूनच सुरू होते. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीचे घर रुग्णालयापासून अवघ्या चार किलोमीटरवर असले, तरी दुसऱ्या मजल्यावरून तिला खाली आणण्यास दोन माणसे लागतात. एसटीच्या पायऱ्या उंच असतात म्हणून खासगी रिक्षा करावी लागते. सोबतच्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. वाटेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते, म्हणून रुग्ण, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करतात. मधुमेहात शरीरातील पाणी आधीच कमी होत असते. त्यात ही भर. इतके करून आल्यावर तपासणीच्या खोलीत पाच-सात मिनिटे मिळतात. पुढच्या वेळी ‘बरे वाटते आहे, जाऊन काय करायचे’ असे त्यांना वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही. रुग्णाला दर पंधरा दिवसांनी येथे आणण्याऐवजी मार्गदर्शनच दर पंधरा दिवसांनी त्याच्या घरी पोहोचवावे, हा या कामामागील साधा विचार आहे.

दूरध्वनीवरून आजार सांभाळता येतो का?

हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीतही विचारला जातो आणि तो रास्त आहे. भारतातील एक महत्त्वाचा अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. चेन्नई येथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांचे दोन गट केले. सर्वांना सुरुवातीस आहार-व्यायामाचा सल्ला दिला. एका गटाला त्याशिवाय मोबाइलवर नियमितपणे छोटे संदेश पाठविले. दोन वर्षांनंतर संदेश मिळणाऱ्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला होता. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. नियमित स्मरण करून देणारा कोणीतरी असला की वागण्यात फरक पडतो, हे त्यातून दिसते.

मात्र हे पुरुष चालते-फिरते होते आणि त्यांना अजून मधुमेह झालेला नव्हता. ‘रोज अर्धा तास चाला’ हा संदेश त्यांना उपयोगी पडला; आमच्या ज्या रुग्णाला चालताच येत नाही त्याला तो संदेश निरुपयोगीच नव्हे, तर अपमानास्पद वाटू शकतो. म्हणून सर्वांना एकच छापील सल्ला पाठविणे आम्ही टाळतो. येथे माणूस माणसाशी बोलतो, आणि समोरच्याचे शरीर कसे आहे हे जाणून बोलतो.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार दूरध्वनीवरून औषध लिहून देण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे, आणि सल्ल्यासाठी फोन आपल्या बाजूने केलेला असल्यास रुग्णाची स्पष्ट संमती आवश्यक आहे. आमचे मार्गदर्शक या चौकटीतच काम करतात. ते विचारतात, ऐकतात, शिकवितात, नोंद ठेवतात आणि गरज पडताच फोन डॉक्टरांकडे देतात. इन्सुलिनचा एक थेंबही ते स्वतःहून वाढवीत वा कमी करीत नाहीत.

एका फोनचा नमुना

या फोनमध्ये नेमके काय होते, हे पुढील संवादावरून ध्यानात येईल. तो एखाद्या विशिष्ट रुग्णाचा नाही; अशा संवादांचे स्वरूप कळावे म्हणून रचलेला नमुना आहे. रुग्णाचा एक पाय गुडघ्याखाली काढलेला असून त्यांना इन्सुलिन चालू आहे, असे समजावे.

मार्गदर्शक : नमस्कार काका, रुग्णालयातून बोलतेय. बोलायला सवड आहे ना?

रुग्ण : बोला ताई. आत्ताच न्याहारी झाली.

मार्गदर्शक : आज उपाशीपोटी साखर किती आली?

रुग्ण : दोनशे दहा. परवापण दोनशेच्या घरात होती. पथ्य सगळं पाळतोय, इंजेक्शनही चुकवत नाही. डॉक्टरांना सांगून डोस वाढवायचा का?

मार्गदर्शक : ते डॉक्टर ठरवतील. त्याआधी मला सांगा, इंजेक्शन कोण भरून देतं?

रुग्ण : आधी मुलगा द्यायचा. तो पुण्याला कामाला गेला. आता सूनबाई देते.

मार्गदर्शक : त्यांच्याकडे जरा फोन देता का? ... ताई, सिरिंजच्या टोपणाचा रंग कोणता आहे?

सून : केशरी. लाल टोपणाची संपली होती, म्हणून दुकानदारानं ही दिली.

मार्गदर्शक : आणि इन्सुलिनच्या बाटलीवर चाळीस लिहिलंय की शंभर?

सून : चाळीस.

हा संवाद दोन मिनिटांचा आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांसाठी लाल टोपणाची सिरिंज असते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. चाळीसच्या बाटलीतून शंभरच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर प्रत्यक्षात केवळ ८ युनिट शरीरात जातात. पथ्य पाळूनही साखर का वाढली याचे उत्तर येथे मिळते. केवळ साखरेचा आकडा पाहून डोस वाढविला असता आणि पुढच्या महिन्यात लाल टोपणाची सिरिंज परत आली असती, तर साखर धोकादायकरीत्या खाली गेली असती. याच्या उलट प्रकार, म्हणजे शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने भरणे, तर याहून घातक आहे : २० च्या खुणेला ५० युनिट जातात. अशा वेळी मार्गदर्शक लगेच डॉक्टरांना फोनवर घेतात आणि योग्य सिरिंज कशी मिळवायची, तोवर काय करायचे हे डॉक्टरच सांगतात. यात दोष ना सुनेचा, ना रुग्णाचा. घरातील सांभाळणारा माणूस बदलला की शिक्षण पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागते, हे आम्ही गृहीत धरतो.

हात, बोटे आणि उपकरणे

साखर तपासणे किंवा इंजेक्शन घेणे ही दोन हातांची कामे आहेत. पक्षाघाताने एक हात अधू झालेल्या रुग्णाला पट्टीची डबी उघडणे, पट्टी यंत्रात बसविणे आणि बोटाला टोचणे हे एकट्याने जमत नाही. फोनवर आम्ही त्याच्यासोबत एकेक पायरी सोपी करीत जातो. टेबलावर ओला रुमाल अंथरला की यंत्र सरकत नाही. डबी मांड्यांमध्ये धरून उघडता येते. टोचण्याचे बोट अधू हाताचे असावे की चांगल्या, हे संवेदना व रक्तप्रवाह पाहून ठरवितो. इन्सुलिनचे पेन वापरणाऱ्यास बाटली-सिरिंजपेक्षा एका हाताने ते हाताळणे बहुधा सोपे जाते. मात्र पेन व त्याची काडतुसे महाग असतात, म्हणून सर्वांना तो पर्याय परवडत नाही.

इंजेक्शनच्या जागेचाही विचार करावा लागतो. ज्या अवयवाचा व्यायाम होतो तेथे टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते. सामान्य माणसासाठी तो अवयव पाय असतो. हाताने चाके फिरविणाऱ्या किंवा हाताची तीनचाकी चालविणाऱ्या रुग्णासाठी तो दंड असतो. बाहेर पडण्यापूर्वी दंडात इन्सुलिन घेतले तर वाटेतच साखर उतरण्याचा धोका असतो. अशांना आम्ही पोटाची जागा सुचवितो.

साखर ७० च्या खाली गेली तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. पण ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा असतो : साखरेचा डबा स्वयंपाकघरात आणि घरातली माणसे शेतावर. त्यामुळे पहिल्याच फोनमध्ये ‘आत्ता हात लांब केलात तर साखर हाताला लागते का?’ असे विचारण्याची आमची पद्धत आहे. मज्जारज्जूला मानेजवळ इजा झालेल्या रुग्णांत साखर उतरल्याची थरथर, धडधड ही नेहमीची लक्षणे पुसट होऊ शकतात. शिवाय अशा रुग्णांना मूत्राशय तुंबल्याने किंवा बद्धकोष्ठामुळे रक्तदाब एकाएकी वाढून डोके ठणकणे व घाम येणे असाही त्रास होतो. घाम दोन्हींत येतो, उपाय मात्र निरनिराळे आहेत. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवावे, कॅथेटरची नळी वाकली वा तुंबली आहे का ते पाहावे, साखर तपासावी आणि विलंब न करता रुग्णालयाशी संपर्क साधावा, हे घरच्यांना आधीच शिकवून ठेवावे लागते.

पाऊल, त्वचा आणि उरलेला पाय

इंग्लंडमधील युकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले, की तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी एचबीए१सी ही पातळी १ टक्क्याने कमी असलेल्यांत, पाय कापावा लागण्याचे किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी होते. सारांश, थोडी सुधारणाही मोलाची असते.

मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू बोथट होते. काटा रुतला, चप्पल घासली, उंदराने कुरतडले तरी कळत नाही. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली; ती घरच्या माणसालाही करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. घरच्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून पायाची तपासणी करून घ्यावी. एकच पाय असलेल्यांना आणि ज्यांची संवेदना मज्जारज्जूच्या इजेमुळे आधीच गेलेली आहे त्यांना ही मोजणी लागू पडत नाही. त्यांचा पाय धोक्यातच आहे असे धरून रोज पाहणी करणे हाच मार्ग. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहता येतो.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांची जोखीम तळव्यांपुरती नसते. बैठकीच्या जागी, माकडहाडाजवळ, टाचांना दाबामुळे जखमा होतात आणि साखर जास्त असेल तर त्या भरून येत नाहीत. दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलून किंवा बाजूला झुकून दाब हलका करावा, हे आम्ही प्रत्येक फोनमध्ये विचारतो. गरम चहाचा पेला किंवा जेवणाचे ताट मांडीवर ठेवणे, शेक घेण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरणे, हेही टाळावयास सांगतो. कारण भाजलेले त्यांना कळत नाही.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांनी तो काढल्यावर रोज थोटाची त्वचा पाहावी. पाय काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत न जाणारी लाली, ओलसरपणा किंवा फोड दिसल्यास तो पाय घालणे थांबवून कळवावे. वजन वाढले वा घटले की कृत्रिम पायाची बैठक सैल वा घट्ट होते, म्हणून साखरेचा व त्या बैठकीचाही संबंध असतो.

व्यायाम : चालण्यापलीकडे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शारीरिक हालचालीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रथमच अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारशी दिल्या. थोडी हालचाल ही अजिबात न करण्यापेक्षा बरी, हे त्यांचे सूत्र आहे. खुर्चीत बसून हात वर-खाली करणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, ताणपट्टी ओढणे, बसल्या बसल्या टाळ्या वाजवीत भजन म्हणणे हेही व्यायामच आहेत. बाटलीत आधी अर्धे पाणी, पंधरवड्याने पूर्ण, अशी वाढ फोनवर ठरविता येते.

येथेही शरीर पाहूनच सांगावे लागते. चाके फिरविणाऱ्यांचे खांदे हेच त्यांचे पाय असतात आणि मधुमेहात खांदा आखडण्याचा विकार अधिक आढळतो. खांदा दुखू लागला तर व्यायाम बदलावा, रेटू नये. पोलिओ झालेल्या व्यक्तींच्या उरलेल्या स्नायूंवर आयुष्यभर जादा भार पडलेला असतो. त्यांच्यासाठी आमचा नियम असा, की आजच्या व्यायामाचा थकवा उद्या सकाळी उरला असेल तर तो व्यायाम जास्त झाला. ‘जितके अधिक तितके चांगले’ हे तत्त्व त्यांना लागू नाही.

आहार : भाकरीच्या मापाने

आहाराचा सल्ला ग्रॅम आणि कॅलरीत दिला तर तो कागदावरच राहतो. म्हणून आम्ही भाकरी, वाटी आणि पळी यांच्या मापात बोलतो. भाकरी ज्वारीची की बाजरीची, यापेक्षा ती एक की तीन, आणि सोबत उसळ-भाजी किती, याला महत्त्व आहे. उपवासाच्या दिवसांत फोन आधी करावा लागतो. एकादशीला किंवा नवरात्रात दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याची खिचडी खाणारा रुग्ण सकाळी साखर उतरण्याचा आणि रात्री चढण्याचा असा दोन्ही धोका पत्करत असतो. उपवास करू नका असे सांगण्याऐवजी तो कसा करावा व त्या दिवशीची औषधे कशी घ्यावीत, हे डॉक्टरांशी आधी ठरविणे श्रेयस्कर.

वजनाचाही प्रश्न असतो. उभे राहता येत नसेल तर वजनकाटा कामाचा नाही. मग कमरेचे माप फितीने घ्यावयास सांगतो. पाय काढलेल्या व्यक्तीचे वजन पाहताना गेलेल्या अवयवाचा हिशेब धरावा लागतो. संपूर्ण पाय म्हणजे शरीराच्या सुमारे १६ टक्के वजन, गुडघ्याखालील भाग म्हणजे सुमारे ६ टक्के. हा हिशेब न केल्यास लठ्ठ व्यक्तीही कागदावर सडपातळ ठरते.

फोनच्या मर्यादा

फोनला जखमेचा वास येत नाही आणि पायाची नाडी हाताला लागत नाही. म्हणून हे मार्गदर्शन प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही, तिला जोड आहे. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडाचे कार्य आणि पायांचा रक्तप्रवाह यांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावीच लागते. या सर्व तपासण्या एकाच दिवशी, तळमजल्यावर, आधी वेळ ठरवून करण्याचा आमचा कटाक्ष असतो, जेणेकरून रुग्णाचा एक प्रवास चार प्रवासांचे काम करील.

पुढील गोष्टी दिसल्यास फोनवर वाट न पाहता रुग्णास घेऊन यावे : नवीन जखम, काळपटपणा किंवा दुर्गंधी; ताप आणि साखर ३०० च्या वर; सतत उलट्या; वारंवार ७० च्या खाली जाणारी साखर; छातीत दुखणे, दम लागणे किंवा बोलणे अडखळणे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये.

आणखी एक नाजूक बाब आहे. पुष्कळ घरांत मोबाइल मुलाकडे किंवा पतीकडे असतो. लघवीवरील ताबा, कॅथेटर, गुप्तांगाची खाज अशा गोष्टी घरच्यांसमोर बोलता येत नाहीत. साखर वाढली की लघवीचा जंतुसंसर्ग वाढतो, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांनी गुप्तांगाच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. म्हणून हे बोलणे आवश्यक असते. घरच्यांना आमची विनंती आहे की, ठरलेल्या वेळी फोन रुग्णाच्या हाती द्यावा आणि दहा मिनिटे त्यांना एकटे बोलू द्यावे. काळजी घेणे म्हणजे त्यांच्या वतीने उत्तरे देणे नव्हे.

देणगीदारांस विनंती

या कामाचा खर्च प्रामुख्याने तीन गोष्टींवर होतो : प्रशिक्षित मार्गदर्शकांचे मानधन, गरजू रुग्णांना द्यावयाच्या साखर तपासणीच्या पट्ट्या आणि वर्षातील ठरलेल्या भेटीसाठी वाहनाची सोय. यांपैकी पट्ट्या हा सततचा खर्च आहे. यंत्र एकदा देऊन भागते, पट्टी मात्र प्रत्येक तपासणीला नवी लागते. पुष्कळ घरांत दानात मिळालेले यंत्र पट्ट्यांअभावी कपाटात पडून असते. म्हणून आपण यंत्र देऊ इच्छित असाल, तर त्यासोबत वर्षभराच्या पट्ट्यांचाही विचार करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

देणगीचे फलित दाखविणे येथे कठीण असते. वाचलेला पाय हा शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत कोठेच दिसत नाही. जी जखम झालीच नाही तिचे बिल निघत नाही. तरीही कृत्रिम पाय बसविलेला एखादा गृहस्थ उरलेल्या पायावर उभा राहून दुकानाचे शटर उघडतो, किंवा पोलिओ झालेली एखादी शिक्षिका निवृत्तीपर्यंत वर्गात जाते, तेव्हा त्यामागे आपल्या मदतीचा वाटा असतो, अशी आमची धारणा आहे.

आपल्या परिचयात, शेजारात किंवा कुटुंबात शारीरिक अपंगत्व असलेली मधुमेही व्यक्ती असेल आणि प्रवासाच्या अडचणीमुळे ती उपचारांपासून दूर राहिली असेल, तर आमच्या मधुमेह विभागाशी तिची गाठ घालून द्यावी. पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी लागते; त्यानंतरची वाट आम्ही फोनवरून तिच्यासोबत चालू.